अतिथिसंविभाग : घराचे व्रत
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत म्हणजे अतिथिसंविभाग. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी आणि स्वतःसाठी सिद्ध केलेल्या अन्नातून त्याचा वाटा काढणे हा संविभाग. भगवान ऋषभदेव आहारार्थ निघाले तेव्हा लोकांनी हत्ती, घोडे, रत्ने पुढे केली; काय द्यावे हे हस्तिनापूरच्या श्रेयांस राजालाच उमगले. त्याने दिलेल्या इक्षुरसाचे स्मरण म्हणून आपण अक्षय्य तृतीया पाळतो.

या व्रताचे मुख्य पात्र मुनिजन. परंतु त्याची सवय लागते ती दारी येणाऱ्या साध्या प्रवाशापासून. गाळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन ज्याला हवे, त्या यात्रेकरूने पूर्वी परगावी श्रावकाचे घर शोधावे, हाच शिरस्ता होता.

१९९३ च्या डिसेंबरात श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला निघालेले एक बुंदेलखंडी कुटुंब आमच्या घरी मुक्कामाला होते. भाषा एकमेकांना जेमतेम कळे. त्यांतील आजीबाईंनी स्वतः पाणी शेंदले, दुहेरी गळण्यातून गाळले आणि गळण्यावरची जिवाणी हलक्या हाताने पुन्हा त्याच विहिरीत सोडली. पाठशाळेत शिकलेली अहिंसा मुलांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. पाहुणचाराचे फळ म्हणतात ते हेच.

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हा वाटा जातीपातीच्या पलीकडे नेला. साताऱ्यात त्यांनी सर्व जातींची मुले एकत्र ठेवून वसतिगृह चालविले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९२७ साली महात्मा गांधी त्या वसतिगृहात आले, त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव दिले. थोर पाहुणा तेथे आला, कारण परक्यांच्या लेकरांसाठी ते दार आधीच उघडे होते.

तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अनादराने देणे, वेळ टाळून देणे हे त्यांतील दोन. आणखी एक ‘परव्यपदेश’, म्हणजे आपले देणे दुसऱ्याच्या हाती सोपविणे. आज त्याचीच धास्ती वाटते. घरे लहान झाली, पतिपत्नी दोघेही नोकरीला जातात, ही अडचण खरी आहे. अतिथिगृहे हवीतच. पण ‘ट्रस्टची खोली आहे ना’ असे म्हणून प्रत्येकाने दार लावले, तर खोल्या भरतील आणि व्रत रिते होईल. ट्रस्ट निवारा देऊ शकतो; ताटातला वाटा घरानेच द्यायचा असतो.

म्हणून माझी विनंती एवढीच : येणाऱ्या यात्रेकरूचा मुक्काम ट्रस्टमध्ये असो, त्याचे एक वेळचे भोजन मात्र आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी, दिवस मावळण्यापूर्वी व्हावे. घरांची यादी कार्यालयाने ठेवावी. तिच्यात पहिले नाव माझे लिहावे.

जय जिनेंद्र.