राऊपर्यंत न पोहोचलेली मार्गिका

बससाठी राखीव मार्गिका म्हणजे रस्त्याचा असा पट्टा, ज्यावर सार्वजनिक बस आणि निकडीच्या वेळी रुग्णवाहिका यांच्याखेरीज इतर वाहनांना मज्जाव असतो. असे पट्टे, मधली स्थानके आणि बसच्या फरशीशी जुळणारे फलाट मिळून जी व्यवस्था उभी राहते, तिला बीआरटीएस, अर्थात जलद बस वाहतूक व्यवस्था म्हणतात. इंदुरात ती मे २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशा सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यावर सुरू झाली; नोव्हेंबर २०२४ मध्ये ती हटवण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिचे रेलिंग निघू लागले.

ज्या परिषदेसाठी हे टिपण आहे, ती इंदूरच्या दक्षिणेकडील राऊ येथे भरत असल्याने या इतिहासाकडे दक्षिण टोकाकडून पाहणे उचित ठरते. ज्या आग्रा-मुंबई रस्त्यावर ती मार्गिका होती, त्याच रस्त्यावर राऊ वसले आहे. परंतु राजीव गांधी चौकाच्या पुढे ती आलीच नाही. महू-पीथमपूरकडून शहरात येणाऱ्याचा प्रवास मोकळ्या मार्गिकेवरून नव्हे, तर गर्दीतच सुरू होत असे, आणि पहिल्या टप्प्यात गेलेला वेळ नंतरचा पट्टा भरून देऊ शकत नसे.

मार्गिकेवरचा सर्वांत मोठा आक्षेप ती रिकामी दिसते हा होता. या मार्गिकेवरील पलासियाच्या सिग्नलला खोळंबलेल्या मोटारचालकाला शेजारचा मोकळा पट्टा डोळ्यांत खुपणे स्वाभाविकच. पण बस पुढे निघून गेल्यावर पट्टा मोकळा राहणे हेच तिच्या वेगाचे गमक असते. गृहीत धरावे की दर दोन मिनिटांना साठ प्रवाशांची एक बस जाते, तर तासाला अठराशे माणसे पुढे सरकतात. मोटारीत सरासरी दीड माणूस असल्यास तेवढ्यांसाठी बाराशे मोटारी लागतात, आणि सिग्नलमागून सिग्नल असलेल्या रस्त्याची एक मार्गिका एवढ्या मोटारी सहसा सोडू शकत नाही. मोजणी वाहनांची केली की बस हरते, माणसांची केली की जिंकते. प्रशासनाने मात्र बहुधा पहिलीच मोजणी डोळ्यांपुढे ठेवली.

विरोधकांचे सगळेच म्हणणे मोडीत काढण्याजोगे नव्हते. चौकाचौकांत उरलेला रस्ता आवळला गेला होता, आणि स्थानक मधोमध असल्याने ते गाठायला प्रवाशांना वाहनांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडावा लागे, जे वृद्धांच्या जिवावर बेतणारे होते. दिल्लीतील २००८ चा जेमतेम सहा किलोमीटरचा पट्टा पुढे उखडला गेला, आणि भोपाळातही २०२४ मध्ये तेच घडले. याउलट अहमदाबादने २००९ पासून आपला जनमार्ग एकेका रस्त्याने वाढवीत नेला, आणि त्यामुळे एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाणारा प्रवासी तेथे तयार झाला. इंदूरची मार्गिका एकटी राहिली. तिच्या अपयशाचे मूळ बसच्या कल्पनेत नव्हे, तर या एकटेपणात शोधावे लागते.

आता इंदुरात मेट्रोचे रूळ पडू लागल्याने बसचा प्रश्न सुटला, असे मानण्याची घाई होऊ नये. मेट्रोपर्यंत माणसाला नेणार कोण, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा या परिषदेची नगर प्रशासनाला विनंती आहे की राऊ ते राजीव गांधी चौक या टप्प्यावर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरती, कडेच्या पट्ट्यावर रंगाने आखलेली बस मार्गिका प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी, सिग्नलवर बसला आधी वाट द्यावी, आणि घुसखोरी करणाऱ्यांना कॅमेऱ्यामार्फत दंड करावा. मात्र निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी जाणारी माणसे मोजावीत, वाहने नव्हेत.