दुभंगलेला पडदा

मैत्रिणींनो, गाण्याच्या व्हिडिओत पडदा दुभंगायचा कशासाठी? मला उत्तर डहाणू-तलासरीच्या वारली घरांत दिसते. लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी गाते. मोठ्या चौकात पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या. दोन्ही एकाच वेळी दिसतात.

पुढे ही चित्रे कागदावर आली. 2011 साली जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली. भिंती लिहिणाऱ्या बाया मात्र बहुतेक बिननावाच्याच राहिल्या.

म्हणून मी म्हणते, डावीकडे दुकानातले चित्र ठेवा, उजवीकडे पीठ कालवणारा हात. गाणे अखंड चालू द्या. एकामागून एक दाखवले तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढेच कळते. शेजारी ठेवले की बघणारी विचारते, हिचे नाव कुठे आहे?