नक्कल विभागातून अपराधशास्त्राकडे



 मराठी शाळेच्या या स्नेहसंमेलनात मुलांचे नाटक सुरू व्हायला थोडा अवकाश आहे, तोवर मी शेवटच्या रांगांत बसलेल्या आईबापांशी बोलणार आहे. कारण गेल्या दोन महिन्यांत तिघीचौघींनी, कोणी फोनवर तर कोणी हळदीकुंकवाच्या गडबडीत, मला एकच प्रश्न विचारला: मुले हाताशी आल्यावर, चाळिशी उलटल्यावर कॉलेजात जावे का, आणि तेही अपराधशास्त्रासारखा विषय घेऊन?

सातारा जिल्ह्यातील एका न्यायालयाच्या नक्कल विभागात मी सोळा वर्षे कारकून होते. फौजदारी निकालांच्या नकला करताना इसमाचे नाव, वय, धंदा, राहणार अमुक गाव, गुन्ह्याचे कलम आणि शिक्षेची मुदत एवढे सारे माझ्या हाताखालून जाई. परंतु हा मनुष्य त्या गावातून या पिंजऱ्यापर्यंत कसा आला आणि मुदत संपल्यावर त्याला कोण दारात उभे करील, यासाठी त्या दप्तरात रकाना नव्हता. माझे आजोळ आटपाडीकडचे. औंध संस्थानाने १९३९ साली तेथे स्वतंत्रपूर वसवले, खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीवाचून ठेवले आणि हाती जमीन दिली, ही हकीकत मी आजोबांच्या तोंडून ऐकली होती, ग. दि. माडगूळकरांनी त्यावरच कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, हे मागाहून कळले. रकाना नसलेला तो प्रश्न मी सामानाबरोबर फिलाडेल्फियाला घेऊन आले.

या प्रश्नासाठी याहून योग्य शहर मला मिळाले नसते. येथे १८२९ साली ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी उघडली, ती प्रत्येक कैद्याला एकांतात ठेवले म्हणजे त्याला पश्चात्ताप होईल या श्रद्धेने. पुढे त्या एकांतानेच माणसे खचतात असा आक्षेप आला, आणि १९७१ साली बंद झालेल्या त्या बंदीखान्याच्या ओसाड कोठड्या आज लोक पाहायला जातात. याच शहरात मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, आणि तो सोहळा पाहण्यासाठी आलेल्या पंडिता रमाबाई, अल्पवयीन कन्या पदरी असलेली ती विधवा विदुषी, येथेच राहून बालशिक्षणाची पद्धती शिकल्या. वय, संसार आणि परमुलूख ही न शिकण्याची तिन्ही कारणे त्यांच्यापाशीही होती. त्या सोहळ्याच्या दोनच वर्षे आधी रसेल कॉनवेल नावाच्या धर्मोपदेशकाने दिवसा राबणाऱ्या लोकांना रात्री शिकवायला आरंभ केला, आणि त्यातून टेंपल विद्यापीठ उभे राहिले. घुबड हे त्याचे चिन्ह आहे, ते त्या रात्रीच्या वर्गांमुळेच. माझी पदवी तिथली आहे.

मात्र तिथवर पोहोचण्यापूर्वी माझे एक वर्ष फुकट गेले. घरबसल्या पदवी देतो म्हणणाऱ्या एका संस्थेत मी पैसे भरले आणि पुढे तिचे एकही क्रेडिट कोणत्याही कॉलेजाने मान्य केले नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी संस्थेला मान्यता कोणाची आहे ते पाहा. आपल्या भागात मिडल स्टेट्स कमिशनची मान्यता पाहावी. पदवीला साधारण १२० क्रेडिटे लागतात. त्यांतली पहिली साठेक कम्युनिटी कॉलेजात थोड्या खर्चात करता येतात, परंतु ती पुढे कोणते विद्यापीठ स्वीकारील हे लेखी विचारून घ्या, तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

दुसरे, नावाने फसू नका. गुन्हा का घडतो हे शोधणारे ते अपराधशास्त्र. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांचा कारभार शिकवणारा तो फौजदारी न्यायाचा अभ्यासक्रम. आणि प्रयोगशाळेत रक्त व बंदुकीची गोळी तपासणारे विज्ञान हे रसायन-जीवशास्त्राचे वेगळेच घर आहे. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दोहोंची सरमिसळ असते, तेव्हा पाटी न वाचता विषयांची यादी वाचा, आणि तीत संख्याशास्त्र व संशोधनपद्धती नसतील तर तेथून परत फिरा. तिसरे कटू आहे, पण सांगितले पाहिजे: एफबीआयच्या एजंटासारख्या संघराज्याच्या अनेक पदांवर वयाची सदतीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच नेमणूक व्हावी लागते आणि नागरिकत्वही लागते. चाळिशीतल्या विद्यार्थिनीने त्या दाराकडे पाहत चार वर्षे घालवू नयेत. पीडितांना साहाय्य, सुटून आलेल्यांचे पुनर्वसन, बालगुन्हेगारांचे मार्गदर्शन, ही दारे उघडी असतात, आणि तिथे पिकल्या केसांचा आदर होतो.

तो का होतो, हे मला तुरुंगातच कळले. १९९७ पासून टेंपलमध्ये लोरी पॉम्पा यांनी सुरू केलेला, तुरुंगात भरणारा एक वर्ग आहे. जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याच्या सूचनेतून तो निघाला. बाहेरचे विद्यार्थी आणि आतले कैदी सबंध सत्रभर वर्तुळात बसून एकच पुस्तक अभ्यासतात. तिथे सॅम्पसन आणि लॉब यांचे संशोधन वाचनात होते: बोस्टनमधील ज्या ५०० उनाड पोरांची माहिती ग्लूक दांपत्याने गोळा केली होती, ती कागदपत्रे हार्वर्डच्या तळघरात सापडल्यावर या दोघांनी त्यांतल्या कित्येकांचा सत्तरीपर्यंत माग काढला, आणि स्थिर नोकरी, संसार, लष्करातील चाकरी यांनी पुष्कळांचे आयुष्य वळले असे दाखवून दिले. माझ्या शेजारची वीस वर्षांची मुलगी ते टिपून घेत होती. समोरचा पन्नाशीचा कैदी मला म्हणाला, बाई, तुम्हाला हे टिपावे लागत नाही ना? नव्हते लागत. बुडालेली शेती, दारू, सावत्र घर, आणि एखाद्या सासऱ्याने विश्वासाने हाती दिलेल्या दुकानाच्या किल्ल्या, हे मी पाहिले होते. ग्रंथाने त्याला नाव आणि पुरावा दिला. तरुण वयाची स्मरणशक्ती माझ्यापाशी नव्हती, संख्याशास्त्राला मी दोनदा बसले, हेही लपवत नाही.

बाप्यांनो, बायांनो, जोडीदाराला आणि मुलांना विचारून अर्ज करा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्वयंपाक कोणी करायचा ते आधी ठरवून घ्या, कारण पदव्या बहुधा तिथेच अडतात. ज्यांना विषयांची यादी किंवा क्रेडिटांचा हिशेब माझ्याकडून तपासून हवा असेल त्यांनी कागद घेऊन या. नाटक संपेपर्यंत मी उजवीकडच्या शेवटच्या रांगेत बसलेली असेन.