मापाचे आणि डोंगराचे शिक्षण
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

'कारागीर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. 'उस्ताद' म्हटले तर हमखास. 'गिर्यारोहक' म्हटले तरी तेच. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती उत्तम कारागीर होती, शिक्षिका होती आणि डोंगरवेडीही होती. शार्लोत पेरियाँ तिचे नाव. पॅरिसमध्ये १९०३ साली जन्मली, तिथेच १९९९ साली, ९६ वर्षांची होऊन वारली. वडील शिंपी, आईही शिवणकाम करणारी. कापड, माप आणि शिवण यांतच ती वाढली.

१९२७ साली ती वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम मागायला गेली. पुढे चंडीगढ शहराची आखणी ज्यांनी केली, तेच हे. आमच्याकडे उशांवर भरतकाम करत नाहीत, असे सांगून त्यांनी तिला वाटेला लावले. बाईचा हात म्हणजे भरतकाम, हे त्या काळच्या सर्वांत 'आधुनिक' माणसाच्याही डोक्यात पक्के होते. पण त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात तिने काच आणि धातूच्या फर्निचरची एक खोली मांडली. ती पाहून त्यांनीच तिला बोलावून घेतले. १९३७ पर्यंत ती तिथे होती. पोलादी नळ्यांची ती प्रसिद्ध आरामखुर्ची याच काळातली. खुर्ची तिघांची: ल कॉर्बुझिए, त्यांचे नात्यातले भाऊ पिएर जान्नरे आणि शार्लोत. बाजारात मात्र ती अनेक दशके 'एलसी' या, ल कॉर्बुझिए यांच्या आद्याक्षरांनी विकली गेली. आपल्याला हे नवे नाही. निवेदन कोणी लिहिले आणि खाली सही कोणाची आली, हे आपणही पाहिले आहे.

आता डोंगराकडे येते. आल्प्स पर्वत तिचे वेडच होते. चढाई, बर्फावरचे स्कीइंग, गुहांमधली भटकंती, सगळे ती करायची. चरित्रकार अशा गोष्टी 'छंद' म्हणून एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही. डोंगरावर प्रत्येक वस्तू आपल्याच पाठीवरून न्यावी लागते. त्यामुळे कशाची खरोखर गरज आहे आणि काय नुसता डौल आहे, ते पाठच सांगते. ही तिच्या कामाची शाळा होती. १९३८च्या सुमारास तिने एका अभियंत्याबरोबर डोंगरावरचा एक छोटा निवारा उभारला: सुटे भाग वर न्यायचे आणि तिथेच जोडायचे. पिपाच्या आकाराचा आणखी एक निवारा तिने पिएर जान्नरेबरोबर आखला. तो तिच्या हयातीत कागदावरच राहिला.

१९४० साली जपान सरकारने तिला हस्तउद्योगांची सल्लागार म्हणून बोलावले. निर्यातीसाठी युरोपची नक्कल करू नका, असे तिने तिथल्या कारागिरांना सांगितले. तुमचा बांबू, तुमचे कसब, आणि आजच्या जगण्याची गरज, यांतून वस्तू घडवा. स्वतःची पोलादी आरामखुर्ची तिने तिथे बांबूत करून दाखवली. शिकवायला गेलेली बाई स्वतःही शिकून आली, म्हणून मी तिला चांगली शिक्षिका म्हणते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मार्सेय शहरात ल कॉर्बुझिए यांची मोठी वसाहत उभी राहिली. तिथल्या घरांसाठी तिने स्वयंपाकघर आखले. डोंगरावरच्या निवाऱ्यासारखेच ते आटोपशीर: सगळे हाताशी, फेऱ्या कमी. आणि बैठकीच्या बाजूने उघडे, म्हणजे रांधणारी बाई भिंतीआड कोंडली जाणार नाही. इथे मला एक शंका आहे, ती मांडते. भिंत गेली, पण रांधायचे कोणी, हा प्रश्न नकाशाने सुटत नाही. तो भांडूनच सोडवावा लागतो. तरीही भिंत जाणे लहान गोष्ट नाही. बाईचे श्रम चार माणसांच्या डोळ्यांसमोर आले.

वयाच्या साठीनंतर, १९६७ पासून, तिने आल्प्समधल्या लेझार्क या वसाहतीचे काम हाती घेतले. डोंगराच्या उताराला धरून इमारती, श्रीमंत नसलेल्यांनाही परवडाव्यात अशा आटोपशीर खोल्या, समोर बर्फाची शिखरे. डोंगराचा आनंद तिने स्वतःपुरता ठेवला नाही.

मैत्रिणींनो, कौतुक करून थांबायला मी आले नाही. दोन सूचना करते. पहिली, आपल्या गटात पोस्टर, पथनाट्य, अहवाल जे काही होईल, त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकीचे नाव लिहू या. 'सामूहिक' या शब्दाखाली गप्प बसणाऱ्यांची नावेच आधी पुसली जातात.

दुसरी, शिबिराच्या कार्यक्रमात एक दिवस डोंगर चढण्यासाठी ठेवू या. त्याला चैन म्हणणाऱ्यांना विचारा, बाईचा मोकळा वेळ नेहमी घराच्या किंवा चळवळीच्याच खात्यावर का जमा व्हावा? चढताना आपल्या शरीराचे माप आपल्याला कळते. मग घरी आल्यावर आपल्या ओट्याची उंचीही मोजा. तो कोणाच्या मापाने बांधला, हे एकदा विचारायलाच हवे.