लाइन गेली

मागे एकदा भालकीहून खटकचिंचोळीला जाण्याचा योग आला. तेथे एका स्नेह्यांनी घर बांधावयास काढले होते. त्या एका दिवसात ‘लाइन’ हा इवलासा इंग्रजी शब्द इतक्या निरनिराळ्या अर्थांनी कानी पडला की, शेवटी मी बोटे मोजू लागलो. गाडीचा चालक म्हणाला, ‘या लाइनीवर मी नवा आहे.’ शेजारच्या गृहस्थांचा मुलगा सोनाराच्या लाइनीत होता, तर भाऊ पोलीस लाइनीत राहत होता. कुणाचा फोन लाइन मिळेना म्हणून मुका झालेला. तरुणांच्या बोलण्यातील आणखी एक अर्थ आहे, पण तो आपणांस ठाऊकच असेल.

मार्ग, धंदा, वसाहत, रांग, ओळ, रेघ, तार असे वेगवेगळे शब्द मराठीने घरात जपून ठेवले आहेत. इतकी श्रीमंती असता हा उसना शब्द कशाला, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. पण या भागात मराठी, कानडी आणि उर्दू एकाच बाजारात नांदतात. तिन्ही भाषा बोलणाऱ्यांना जो शब्द अडत नाही, तोच बाजारात खपतो. ‘लाइन’ तसा आहे.

स्नेह्यांच्या घरी गवंडी भिंतीला लाइनदोरी लावीत होता. गंमत पाहा: या जोडशब्दात एकच अर्थ दोनदा आला आहे. लॅटिन भाषेत जवसाला ‘लीनुम’ म्हणत, आणि त्याच्या वाखाच्या दोऱ्याला ‘लीनेआ’. इंग्रजी ‘लाइन’चे मूळ हेच. आधी दोरा, मग दोऱ्याने आखलेली रेघ, मग रेघेसारखे जे जे सरळ ते सारे. लिनन हे कापडही त्याच कुळातले. म्हणजे ज्या जवसाची चटणी आपण भाकरीशी खातो, त्याच्याच खोडातून हा शब्द निघाला. साऱ्या अर्थांच्या प्रवासानंतर तो मूळ घरी परतला तो गवंड्याच्या हाती.

एका अर्थी मात्र तो मला तेथे ऐकू आला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचा बिदर जिल्हा विभागला गेला. भालकी, हुमनाबाद, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. नकाशावर तीही एक लाइनच. पण तिचा विषय निघाला तेव्हा म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘हद्द’ आणि ‘सीमा’ हेच शब्द आले. तिच्या पलीकडे लेकी दिलेल्या, सोयरे राहिलेले. तिथे उसन्या शब्दाने भागत नसावे.

परतताना वाटेवरच्या एका गावी धान्याच्या दुकानापुढे थांबलो. महिनाअखेर होती. एक वृद्धा, पिशवी पुढे ठेवून, भिंतीच्या सावलीला टेकली होती. तिची पाळी जवळ आली, तोच अंगठ्याचे यंत्र बंद पडले. दुकानदार आतूनच ओरडला, ‘लाइन गेली!’

तिने मान वळवून पाहिले. ‘माणसं तर हितंच उभी हाईत की रे बाबा. लाइन कुठं गेली?’

लोक हसले. कुणी म्हणाले नाही, ‘मावशी, वीज गेली, बसा थोडा वेळ.’ मीही म्हणालो नाही. मी तर अर्थांची मोजदाद करीत होतो, तेवढ्यात आणखी एक सापडला याचाच मला आनंद! आपली पाळी हुकली असे समजून तिने पिशवीची घडी घातली आणि ती चालू लागली. ती पांदीच्या वळणाआड गेली तोवर मला काही सुचले नाही.

अर्ध्या तासाने वीज आली. यंत्राचा दिवा लागला आणि दुकानदाराने पहिल्यांदा तिलाच हाक मारली.