नादारी घेतली म्हणजे देणे फिटते काय?



शाळेत ‘नादारी’ म्हटले की फीमाफी आठवते. कोर्टातली नादारी इतकी सोपी नाही. ‘नादारी घेतली की सुटलो’ असे काहीजण समजतात, तर काहीजण बदनामीच्या भीतीने तिचे नावही काढत नाहीत आणि एक कर्ज फेडायला दुसरे काढत बसतात. म्हणून हा विषय आज घेतला.

मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि इतर जिल्ह्यांसाठी १९२० चा कायदा आहे. २०१६ साली नवा कायदा झाला. पण त्यातील व्यक्तींविषयीचा भाग २०१९ मध्ये फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू करण्यात आला. मी १९२० च्या कायद्याविषयी बोलतो.

समजा, मालेगावातील एका गृहस्थाचे चार यंत्रमाग बंद पडले. माग बँकेकडे तारण आहेत. शिवाय सूतवाला, किराणावाला आणि मित्रांकडून घेतलेले हातउसने मिळून आठ लाखांचे देणे आहे. न्यायालयाने त्याला नादार ठरवले की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या हाती जाते आणि या धनकोंना परवानगीवाचून त्याच्यावर दावा लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे मात्र त्याचीच राहतात.

तारण घेतलेली बँक थांबत नाही. ती माग विकून घेते. बाकीच्या मालमत्तेचे दोन लाख आले आणि सरकारी देणे किंवा नोकरांचा थकलेला पगार यांसारखा आधीचा हक्क नसला, तर प्रत्येकाला रुपयामागे चार आणे मिळतात. मित्र जवळचा म्हणून त्याला आधी, असे चालत नाही. मागताच द्यावयाचा मेहर बाकी असेल तर पत्नीही धनको म्हणून याच रांगेत उभी राहते. आपण निकाहाच्या वेळी मेहरचा आकडा बोलतो आणि विसरतो. वास्तविक ते कर्ज आहे, आणि नवरा वारला तर वारसांची वाटणी होण्याआधी ते द्यावे लागते.

अशा वेळी ‘घर बायकोच्या नावे करून टाक’ असे सांगणारे हितचिंतक भेटतात. त्यांचे ऐकू नका. बक्षीस दिल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर न्यायालय ते बक्षीस रद्द करू शकते.

पुढे न्यायालयाने मुक्तता दिली तरी सरकारी देणे, फसवणुकीने केलेले कर्ज आणि पोटगीची रक्कम माफ होत नाही. शरीअतची दृष्टी आणखी निराळी आहे. बहुतेक इमामांच्या मते काझीने मुफलिसाची मालमत्ता धनकोंत हिश्श्याने वाटावी. पण उरलेले देणे त्याच्या शिरावर राहते. सूरह बकराहच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या ऋणकोला सवलतीची मुदत देण्याची आज्ञा आहे. म्हणजे कायद्याने सुटलेल्या माणसाने ऐपत आल्यावर देणे द्यावे, असे मला तरी वाटते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जामीनदार. मेव्हण्याने भिडेखातर सही केली असेल, तर नादार माणूस सुटतो, मेव्हणा सुटत नाही. बँक त्याच्याकडे पूर्ण बाकी मागू शकते. ती त्याने भरली आणि नादाराकडे परत मागायला गेला, तर तोही चार आण्यांच्या रांगेतला एक धनको. मोठ्या वर्गातल्या मुलांनो, आज घरी गेल्यावर वडिलांना एवढे विचारा की त्यांनी कोणाकोणाच्या कागदावर सही केली आहे.