बेताचे गुण आणि विद्यापीठाचे दार



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, ही अत्यंत उचित गोष्ट आहे. परंतु त्याच सभागृहाच्या मागच्या रांगेत अठ्ठेचाळीस किंवा पंचावन्न टक्के मिळवलेली मुले-मुलीही बसलेली असतात. त्यांचे नाव कोणी पुकारत नाही. आजचा विषय त्यांचा आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या माता-पित्यांचा आहे.

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर येथील व्यापारी कुटुंबांत बारावीचा निकाल बेताचा लागला की सहसा दोनपैकी एक निर्णय होतो. मुलाला दुसऱ्या दिवसापासून गादीवर बसवतात आणि मुलीसाठी स्थळे पाहू लागतात. अथवा चारचौघांत कमीपणा नको म्हणून मोठी रक्कम मोजून दूरच्या एखाद्या खासगी संस्थेत जागा घेतात. पहिल्या निर्णयात मुलाचे शिक्षण संपते, दुसऱ्यात घरची पुंजी. दोन्ही निर्णय निकालानंतरच्या आठवड्यात, रागाच्या किंवा लाजेच्या भरात होतात. या दोहोंच्या मधला जो सरळ मार्ग, म्हणजे शासकीय कायद्याने स्थापन झालेले सार्वजनिक विद्यापीठ, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

या ठिकाणी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. पण मॅट्रिकची पायरी त्यांना गाठता आली नाही. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ‘कमवा व शिका’ हा मंत्र बहुजनांच्या मुलांना दिला आणि १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. अर्थात, परीक्षेतील अपयश हेच मोठेपणाचे कारण असते, असा याचा अर्थ नाही. गुणपत्रिका एका वर्षाच्या अभ्यासाचा हिशेब सांगते, संपूर्ण माणसाचा नव्हे, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पदवी मिळवण्यासाठी मुंबईतच शिकले पाहिजे, असे नाही. कर्जतचे कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय आणि खोपोलीचे के. एम. सी. महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. पनवेल येथे रयतचे महात्मा फुले महाविद्यालय आहे. पदवी विद्यापीठ देते. त्यामुळे कर्जतच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावरही मुंबई विद्यापीठाचेच नाव असते. उलट, नामांकित महाविद्यालयाच्या ओढीने रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या मुलाचे जाऊन-येऊन चार तास प्रवासात जातात. ज्याचे गुण बेताचे आहेत, त्याला अभ्यासासाठी हेच चार तास अधिक उपयोगाचे नाहीत काय, याचा पालकांनी शांतपणे विचार करावा.

आता प्रवेशाची वस्तुस्थिती पाहावी. कला आणि वाणिज्य शाखेच्या सर्वसाधारण पदवीसाठी बारावी उत्तीर्ण असणे ही मूळ अट आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील नावनोंदणी अनिवार्य असते; ती राहून गेली तर चांगले गुणही कामी येत नाहीत. पहिल्या गुणवत्ता यादीचा आकडा पाहून अनेक जण निराश होतात. परंतु त्यानंतर दुसरी आणि तिसरी यादी लागते आणि बहुधा आकडा खाली येतो. त्याच संस्थेत बारावी केलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखीव असतात, हेही ध्यानात ठेवावे.

अभियांत्रिकीसाठी संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी बारावीत किमान ४५ टक्के लागतात. तेथे पुढची निवड सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होते. बीएमएस, बीबीए, बीसीए या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांसाठीही २०२४ पासून अशी परीक्षा सुरू झाली आहे. म्हणजे बारावीत मागे पडलेल्या मुलाला येथे नव्याने पुढे येण्याची संधी आहे. दहावीलाच गुण कमी पडले असतील, तर तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आपल्याच जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, ही गोष्टही अनेकांच्या लक्षात येत नाही.

ज्यांना दुकान सांभाळणे भाग आहे, त्यांच्यासाठीही दार उघडे आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठी माध्यमातून पदवीचे शिक्षण देते. मुंबई विद्यापीठातही दूरस्थ शिक्षणाची परंपरा १९७१ पासूनची आहे. दिवसा गादी आणि रात्री पुस्तक, हेही ‘कमवा व शिका’चेच रूप होय. लग्न ठरलेल्या मुलीलाही या मार्गाने पदवी पूर्ण करता येते. सासर-माहेरच्या मंडळींनी तेवढा शब्द मात्र आधी द्यावा.

खर्चाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागास वर्ग तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील मुलींना २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु हा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळतो. व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली की तो हातचा जातो. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि लागू असल्यास दुर्बल घटकाचा दाखला निकालाची वाट न पाहता तहसील कार्यालयातून काढून ठेवावा. तसेच पैसे भरण्यापूर्वी ती संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे ना, हे पाहावे. आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो.

व्यापारात माल पारखून, भाव विचारून, वेळेवर सौदा करणारा आपला समाज मुलाच्या शिक्षणाचा सौदा मात्र घाईत उरकतो. तेथेही तीच पारख हवी. निकालाच्या दिवशी मुलाने अगोदरच मान खाली घातलेली असते. त्या संध्याकाळी त्याला शेजारच्या मुलाचे टक्के ऐकवू नयेत. ताटावर जवळ बसवावे आणि पुढचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा आहे, एवढे विचारावे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक घराने हा एक नियम घेतला, तर पुढच्या सत्कारसमारंभात मागच्या रांगेतील काही मुलेही पदवीधर म्हणून व्यासपीठावर दिसतील, यात शंका नाही.